वायफाय : पाणपोई की पेठ?

सार्वजनिक ठिकाणी मोफत वायफाय देऊ, त्याचा खर्च जाहिरातदार सोसतील, पालिकेच्या तिजोरीतून वा नागरिकाच्या खिशातून एक पैही जाणार नाही, ही घोषणा आता नवी राहिलेली नाही. रेल्वेने ती केली, परदेशातल्या महानगरांनी केली, आणि निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत तर ती पाणी, गटार व रस्ते यांच्या पंगतीला जाऊन बसली आहे. घोषणा दिसायला इतकी निरुपद्रवी की तिला प्रश्न विचारणारा माणूसच गरिबाच्या तोंडचा घास काढणारा ठरावा! नेमके याच कारणासाठी तो प्रश्न विचारणे आवश्यक आहे. ज्या व्यवस्थेत गिरणी कामगाराच्या हक्काच्या घरासाठी पैसा सापडत नाही आणि पालिकेच्या दवाखान्यात औषध सापडत नाही, त्या व्यवस्थेत भांडवलदार एकाएकी दानशूर होतो, तेव्हा हे दान त्याच्या वहीत कोणत्या खात्यावर मांडले जाते ते पाहिलेच पाहिजे.

वसई तालुक्यातील जूचंद्रचे उदाहरण घ्यावे. रांगोळीच्या कलेसाठी महाराष्ट्रभर नावाजलेले, चंडिकादेवीच्या डोंगराजवळ वसलेले हे गाव आज वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. एका अंगाला पश्चिम रेल्वेचे नायगाव. दुसऱ्या अंगाला वसई-दिवा मार्गावरील गावाचे स्वतःचे स्थानक, जिथे दिवसाकाठी मोजक्याच मेमू गाड्या थांबतात आणि एक चुकली की पुढचीसाठी तासन् तास बसावे लागते. जुन्या गावाभोवती नव्या इमारतींचा वेढा पडत चालला आहे. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत राबणारा कामगार, घरकाम करणारी बाई, घरोघर डबे-सामान पोचवणारा तरुण अशी माणसे या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांतून राहतात. या माणसांना इंटरनेट कशाला हवे, असे विचारणाऱ्याने शासनाच्याच व्यवहाराकडे पाहावे. शिधापत्रिकेवरचे नाव टिकवायचे तर ई-केवायसी. असंघटित कामगार म्हणून नोंद हवी तर २०२१ च्या ऑगस्टपासून ई-श्रम संकेतस्थळ. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार रुपये चालू राहावेत म्हणून २०२५ च्या सप्टेंबरपासून पुन्हा ई-केवायसी. त्या वेळी राज्यभर बायका सेवा केंद्रांच्या दारांत रांगा लावून उभ्या होत्या, संकेतस्थळ बंद पडत होते आणि रोजगार बुडत होता. नोकरीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, मुलाचा दाखला, सगळ्यांची वाट फोनमधूनच जाते. जूचंद्रच्या रांगोळी कलावंताची कलासुद्धा आज अंगणातून पुसली जाण्याआधी फोनवरून दूरवर पोचते, आणि पुढचे काम त्या चित्रावरून मिळते.

तेव्हा इंटरनेट ही मध्यमवर्गाची चैन आहे, पक्षाने रेशन आणि रोजगार सोडून वायफायच्या मागे का लागावे, असे म्हणणारे जे काही जुने कार्यकर्ते अजून भेटतात, त्यांच्या निष्ठेबद्दल आदर बाळगूनही त्यांचे म्हणणे चूक आहे हे सांगितले पाहिजे. रेशनच इंटरनेटच्या दाराआड गेले आहे. परंतु त्यांच्याहून मोठी चूक करतात ते दुसरे, उत्साही कार्यकर्ते. ‘मोफत वायफाय’ ही मागणी ते जाहीरनाम्यात जशीच्या तशी उचलून घेतात आणि पैसा कोण देणार, कशाच्या बदल्यात देणार, हा समाजवादी माणसाचा पहिला प्रश्नच विसरतात. पाणपोई घालणारा तहानलेल्याचे नावगाव विचारत नाही. तो कुठून आला, कुठे जाणार आणि त्याच्या कनवटीला किती पैसे आहेत याची टिपणे ठेवून ती बाजारात विकत नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या वायफायचा सगळा धंदा त्या टिपणांचाच असतो.

हा धंदा कसा चालतो ते उलगडून सांगण्यासारखे आहे, कारण त्यात गूढ काहीच नाही. स्थानकावर माणूस फोन उघडतो. जाळे दिसते, पण ते लगेच खुले होत नाही. आधी एक पान समोर येते. त्यावर मोबाइल क्रमांक भरावा लागतो. त्या क्रमांकावर आलेले सांकेतिक अंक पुन्हा त्या पानावर टाकावे लागतात. अटी मान्य असल्याच्या चौकोनावर बोट ठेवावे लागते. त्या अटी गाडी येईपर्यंत वाचून संपणार नाहीत इतक्या लांब असतात, आणि पुष्कळदा इंग्रजीत. मग जाहिरात, आणि मग इंटरनेट. वरवर पाहता नागरिकाने अर्धा मिनिट जाहिरात पाहिली आणि मोबदल्यात अर्धा तास जाळे मिळवले. सौदा वाईट नाही असे वाटावे. वस्तुतः जाहिरात पाहणे हा सौद्याचा दिसणारा भाग झाला. न दिसणारा भाग असा की एक विशिष्ट क्रमांकाचा माणूस अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक स्थानकावर होता, ही नोंद झाली. तोच क्रमांक सकाळी सातला नायगावला, नऊला अंधेरीला आणि रात्री पुन्हा नायगावला दिसला की त्याचे घर आणि कामाचे ठिकाण वेगळे विचारावे लागत नाही. महिनाभराच्या नोंदींवरून तो पाळीत काम करतो की कचेरीत, रविवारी सुट्टी मिळते की नाही, काम सुटले आहे का, हेही ताडता येते. आणि ज्याचे काम सुटले आहे असे ताडता येते, त्याच्या फोनवर चढ्या व्याजाच्या झटपट कर्जाची जाहिरात दाखवणे हा जाहिरातदाराच्या दृष्टीने केवळ कार्यक्षमतेचा प्रश्न असतो. पान उघडण्याच्या त्या निमिषभरात कोणत्या माणसासमोर कोणाची जाहिरात यावी याचा लिलाव पुकारला जातो आणि संपतोही. लिलावात माल कोण, हे सांगायला नको.

यावर सुशिक्षितांकडून एक उत्तर हमखास येते : नवे फोन आपली ओळख लपवतात. प्रत्येक फोनच्या वायफाय यंत्राला जो ओळख क्रमांक असतो तो नवे फोन दर जाळ्यागणिक बदलून सांगतात, ही गोष्ट खरी आहे. परंतु माणसाने आपला मोबाइल क्रमांक स्वतःच्या बोटांनी टाइप करून दिल्यावर यंत्राने कितीही मुखवटे घातले तरी त्यांचा उपयोग काय? भारतातला मोबाइल क्रमांक हा ओळखपत्र दाखवून घेतलेला क्रमांक असतो. तो देणे म्हणजे नावच देणे.

येथे या महाराष्ट्राशी संबंधित एक प्रकरण आठवले पाहिजे. २००८ च्या जुलै महिन्यात अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या आधी काही मिनिटे प्रसारमाध्यमांना गेलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने फर्मान काढले की सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवून घेतलीच पाहिजे. क्रमांक मागण्याची पद्धत रूढ झाली ती त्यानंतर. त्या नियमाच्या गुणदोषांची चर्चा वेगळी करता येईल. पण सुरक्षेच्या नावाने गोळा होणारा क्रमांक जाहिरातीच्या दुकानाला कच्चा माल म्हणून मिळावा, असे त्या फर्मानात कुठे म्हटले होते? पोलिसासाठी उघडलेल्या दारातून व्यापारी आत शिरला आणि त्याला कोणी हटकले नाही. राज्यसंस्था आणि भांडवल यांच्या संगनमतासाठी गुप्त बैठकच लागते असे नाही. पुष्कळदा एकाने तयार केलेली वही दुसऱ्याने वापरली की काम भागते.

जाहिरातीच्या पैशावर सार्वजनिक सेवा चालवण्याची कल्पना भारतात काही आज जन्मलेली नाही. विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. दूरदर्शनवर त्या १ जानेवारी १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, आल्या. १९८४ साली ‘हम लोग’ आली ती झटपट शेवयांच्या एका कंपनीच्या प्रायोजकत्वाने. कुटुंबनियोजनाचा प्रचार करायला निघालेली मालिका नव्या पदार्थाला स्वयंपाकघरात नेऊन पोचवती झाली. जाहिरातींच्या पैशातून कार्यक्रम सुधारतील, असे प्रत्येक वेळी सांगण्यात आले. कॅनडातील मार्क्सवादी अभ्यासक डॅलस स्मायथ याने १९७७ साली मांडलेला मुद्दा याच संदर्भात महत्त्वाचा ठरतो. त्याच्या मते, जाहिरातीवर चालणारी प्रसारमाध्यमे कार्यक्रम विकत नाहीत. ती प्रेक्षक विकतात. कार्यक्रम हे प्रेक्षकाला आणून बसवण्यासाठी टाकलेले आमिष. माल म्हणजे प्रेक्षकाचे लक्ष, आणि गिऱ्हाईक म्हणजे जाहिरातदार. म्हणजे कारखान्यातली पाळी संपल्यावरही कामगार सुटत नाही. विश्रांतीच्या वेळातही तो कोणासाठी तरी मूल्य निर्माण करीत राहतो. डाव्या चळवळीत त्या काळी या मांडणीवर पुष्कळ वाद झाला. तो वाद आज जवळजवळ निकालात निघाला आहे, आणि तो प्राध्यापकांनी नव्हे, बाजाराने निकालात काढला.

तरीही रेडिओ आणि वायफाय यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यास सारी चर्चा फसते. रेडिओला ऐकणारा कोण आहे हे ठाऊक नसे. विविध भारती घाऊक भावाने गर्दी विकत होती. त्या गर्दीत कोणीही लपू शकत होता. वायफायवाला गर्दी विकत नाही, माणूस सुटा करून विकतो. जाहिरातीला विरोध म्हणजे जुनाट सोवळेपणा, वृत्तपत्रेही जाहिरातींवरच चालतात, असा जो प्रतिवाद केला जातो तो या फरकापाशी कोसळतो. वर्तमानपत्र वाचकाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत चालत येत नव्हते.

आता रेल्वेचा अनुभव पाहावा, कारण मोफत वायफायचा देशातला सर्वांत मोठा प्रयोग तोच. २०१५ च्या सप्टेंबरात पंतप्रधान कॅलिफोर्नियात गूगलच्या मुख्यालयात गेले. तेथे भारतीय रेल्वेच्या स्थानकांवर मोफत वायफाय देण्याची योजना गाजावाजाने जाहीर झाली. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रल हे पहिले स्थानक झाले. २०१८ च्या जूनमध्ये आसामातील दिब्रुगड हे चारशेवे. तारा रेलटेल या सरकारी कंपनीच्या, जागा रेल्वेची, प्रवासी भारताचे. आणि नाव गूगलचे. स्थानकांवर अनेक गरीब विद्यार्थ्यांनी या जाळ्याचा लाभ घेऊन परीक्षांचा अभ्यास केला, केरळातील एका हमालाने तर स्पर्धा परीक्षेची तयारी केली, हेही नाकारण्याचे कारण नाही. उपयोग होता म्हणून तर आमिष लागू पडते. पण पुढे काय झाले? २०२० च्या फेब्रुवारीत गूगलने जगभरातले हे काम आटोपते घेत असल्याचे जाहीर केले. मोबाइलचे इंटरनेट आता स्वस्त झाले आहे, या कार्यक्रमाची तितकी गरज उरलेली नाही, असे कारण दिले गेले. ज्या कंपनीचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींतून येते तिला भारतीय माणूस जाळ्यात आणून सोडायचा होता, तो आला, मग पाणपोईचा मांडव उचलला. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली आणि मुलांच्या शाळा फोनवर भरू लागल्या, हा केवळ काळाचा क्रूर योगायोग. परंतु त्या वेळी शाळकरी पोरांसाठी वायफायची गरज आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कॅलिफोर्नियातल्या एका संचालक मंडळाकडे होता, हा मात्र योगायोग नव्हे.

रेलटेलने जाळे चालू ठेवले आणि वाढवलेही. २०२१ च्या मे महिन्यात झारखंडातील हजारीबागसह सहा हजार स्थानके पूर्ण झाली. सार्वजनिक क्षेत्राला नावे ठेवणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा : गूगलच्या नावावर चारशेच्या वर थोडी स्थानके, सरकारी कंपनीच्या नावावर सहा हजार. पण याच सरकारी कंपनीला शासन सार्वजनिक सेवेसारखी वागू देत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये पैसे घेऊन जाळे देण्याची योजना आली : दिवसाला अर्धा तास मंद गतीने मोफत, पुढे दहा रुपयांत दिवसाला पाच जीबी, सत्तर रुपयांत तीस दिवसांना साठ जीबी. त्यानंतर २०२२ च्या नोव्हेंबरात सहा हजारांवर स्थानकांचे हेच वायफाय जाहिरातींतून ‘उत्पन्नक्षम’ करण्याचा पाच वर्षांचा करार एका खाजगी कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाशी करण्यात आला. सार्वजनिक पैशाने टाकलेल्या तारांवर जाहिरातदाराचे दुकान बसले ते असे.

हे एकटेदुकटे उदाहरण असते तर दुर्लक्ष करता आले असते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रेल्वेची तिकिटे विकणाऱ्या आयआरसीटीसीने प्रवाशांच्या माहितीपासून पैसा कसा करावा हे सांगणाऱ्या सल्लागारासाठी निविदा काढली होती. हजार कोटींच्या उत्पन्नाची भाषा झाली. नाव, वय, फोन, प्रवासाचा मार्ग, प्रवासाचा वर्ग ही सगळी कोट्यवधी लोकांची माहिती रेल्वेकडे विश्वासाने दिलेली. ओरड झाली, संसदेच्या समितीने जाब विचारला, आणि महिना संपण्यापूर्वी निविदा मागे घेण्यात आली. मागे घेण्याचे कारण काय दिले? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे विधेयक सरकारने त्याच महिन्यात मागे घेतल्यामुळे कायदाच अस्तित्वात नाही! प्रवाशाच्या खाजगीपणाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच मान्य केला होता, त्याची मात्र निविदा लिहिणाऱ्याला आठवण नव्हती. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला. त्याचे नियम निघायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि त्यातल्या महत्त्वाच्या तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी कंपन्यांना आणखी दीड वर्षाची सवड देण्यात आली. त्या कायद्याचा पाया ‘संमती’ हा आहे. रेशनचे काम अडलेले असताना, पुढची गाडी दीड तासाने असताना, बोट चौकोनावर टेकवणाऱ्या बाईने संमती दिली असे म्हणणे हे सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या कुळाने व्याजदर मान्य केला असे म्हणण्यासारखे आहे.

जाहिरातीचे गणित आणखी एका ठिकाणी उघडे पडते. जाहिरातदार पैसे देतो ते खरेदी करू शकणाऱ्या डोळ्यांसाठी. न्यूयॉर्क शहराने २०१६ पासून जुन्या टेलिफोन खोक्यांच्या जागी जाहिरातफलक लावलेले वायफायचे खांब उभारले. करदात्याला खर्च शून्य, उलट बारा वर्षांत पालिकेलाच पन्नास कोटी डॉलर मिळतील, असे सांगितले गेले. पहिल्याच वर्षी बेघर माणसे त्या खांबांपाशी तासन् तास बसू लागली म्हणून खांबावरच्या पडद्यावरून इंटरनेट पाहण्याची सोय काढून टाकण्यात आली. गरिबाने मोफत सेवा खरोखरीच मोफत वापरल्याबरोबर ती बंद! पुढे कंपनी पालिकेचे कोट्यवधी डॉलर थकवून बसली, आणि २०२१ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकाने दाखवून दिले की खांबांची गर्दी मॅनहॅटनमध्ये झाली होती आणि गरीब वस्त्या कोरड्या राहिल्या होत्या. न्यूयॉर्कसारख्या शहरात हे घडते, तर चर्चगेट आणि जूचंद्र यांच्यात जाहिरातदार कोणाची निवड करील? चर्चगेटला दर मिनिटाला लोंढा उतरतो. जूचंद्रच्या फलाटावर दिवसाला मोजक्या मेमू. त्या फलाटावर वाट पाहत बसणाऱ्या माणसाला वायफायची गरज अधिक आहे, कारण त्याचा वेळ अधिक जातो आणि खिसा अधिक हलका आहे. पण गरज आणि मागणी या दोन गोष्टी बाजाराच्या शब्दकोशात निरनिराळ्या आहेत. नायगाव-जूचंद्र जोडमार्ग पुरा होऊन रहदारी वाढली की कदाचित जाहिरातदारालाही हे गाव सापडेल. तोवर गावाने काय करावे?

‘डेटा आता इतका स्वस्त आहे की सार्वजनिक वायफाय लागतेच कशाला?’ हा युक्तिवाद गूगलने केला आणि आपल्याकडच्या अर्थतज्ज्ञांनी गिरवला. हा स्वस्तपणाही एका ‘मोफत’मधूनच आला होता. २०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओने सगळे फुकट वाटायला सुरुवात केली आणि मार्च २०१७ पर्यंत वाटले. त्या वावटळीत एकामागून एक कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या, सरकारी बीएसएनएलला फोर-जीपासून वर्षानुवर्षे वंचित ठेवण्यात आले, आणि मैदान मुख्यतः दोन कंपन्यांच्या हाती आले. मग २०२४ च्या जुलैत तिन्ही खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले. जिओच्या स्वस्तातल्या मासिक योजनेसाठी १५५ ऐवजी १८९ रुपये मोजावे लागू लागले, आणि त्यात अठ्ठावीस दिवसांसाठी अवघा दोन जीबी डेटा. फोनवरचे बोलणे त्यात धरलेले आहे हे मान्य करूनही रेलटेलच्या सत्तर रुपयांतील साठ जीबीशी ताडून पाहिले की खाजगी मक्तेदारी कशाचे पैसे घेते ते कळते. घरात चार माणसे आणि चार फोन असतील तर महिन्याची वाढ कामगाराच्या एका दिवसाच्या मजुरीकडे जाऊ लागते.

राहता राहिला पालिकेच्या रिकाम्या तिजोरीचा प्रश्न. जाहिरातीचे पैसे आयते येत असतील तर का सोडावेत, असे प्रामाणिकपणे विचारणारे नगरसेवकही असतात. त्यांनी १३ मे २०२४ ची संध्याकाळ आठवावी. घाटकोपरला छेडानगरजवळ वादळात जाहिरातफलक कोसळला आणि सतरा माणसे मेली. चाळीस फूट लांबी-रुंदीची मर्यादा असताना तो फलक एकशेवीस फूट लांब-रुंद होता, आणि उभा होता लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जमिनीवर. जाहिरातीचे उत्पन्न एकदा सार्वजनिक यंत्रणेच्या तोंडाला लागले की नियम किती वाकतात याचे ते माप होते. वायफायचा फलक कोसळून कोणी मरणार नाही हे खरे. पण तो रस्त्यावरून दिसणारही नाही, म्हणून त्याचे आकारमान मोजायला कोणी जाणार नाही. आणि मोजणार तरी कोण? वसई-विरार महापालिकेत २०२० च्या जूनपासून २०२६ च्या जानेवारीतल्या निवडणुकीपर्यंत लोकांनी निवडलेले सभागृहच नव्हते. सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. अशा काळात दहा-पंधरा वर्षांचा जाहिरात-करार एका सहीने होऊ शकतो, आणि नंतर निवडून आलेल्यांच्या गळ्यात तो पडतो.

मग करायचे काय? नुसत्या विरोधाने भागत नाही हे फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ने शिकवले आहे. २०१५ च्या हिवाळ्यात पानपानभर जाहिराती देऊन गरिबांच्या नावाने ते अर्धवट, फेसबुकने निवडलेले इंटरनेट खपवण्याचा घाट घातला गेला. देशभरच्या कार्यकर्त्यांनी तो हाणून पाडला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने भेदभावी दरांवर बंदी घातली. विजय मोठा होता. परंतु गरिबाला खरे, पूर्ण इंटरनेट द्यायचे काम तेथेच सोडून सगळे घरी गेले, आणि सात महिन्यांत जिओ आले.

केरळने वेगळी वाट धरली. तेथील डाव्या आघाडीच्या सरकारने इंटरनेट हा नागरिकाचा हक्क असल्याचे जाहीर केले, विजेच्या खांबांवरून सरकारी तार नेली आणि ५ जून २०२३ रोजी के-फोनचे उद्घाटन केले. वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी हे उद्दिष्ट. पहिला टप्पा मात्र दर मतदारसंघात शंभर, म्हणजे चौदा हजार कुटुंबांचा. हा वेग लाजिरवाणा आहे आणि आपल्या बाजूच्या सरकारचा म्हणून तो झाकून ठेवू नये. पण पैसा कर्जाचा आणि कराचा, मालकी सरकारची, आणि जोडणी घेणारी बाई ही माल नव्हे तर हक्कदार, हे तत्त्व त्यात शाबूत आहे.

महाराष्ट्रात त्याहून सोपी सुरुवात करता येईल, कारण लागणारे बरेचसे सामान आधीच पडून आहे. ग्रामपंचायतींपर्यंत महानेटची तार सार्वजनिक पैशानेच टाकण्यात आली. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली शासनाचे अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालये गावोगाव आहेत. ग्रंथपाल कोणी काय वाचले याची यादी बाजारात विकत नाही, ही परंपरा तेथे मुरलेली आहे. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत छोटा दुकानदारही परवान्याविना वायफाय देऊ शकतो, जुन्या पिवळ्या पाटीच्या पीसीओसारखा. २०२२ पर्यंत देशात एक कोटी सार्वजनिक वायफाय ठिकाणे उभारण्याचे सरकारी धोरण होते; ती संख्या काही लाखांपलीकडे गेली नाही, कारण मोठ्या कंपन्या या छोट्या दुकानदारांकडून मोठ्या कचेऱ्यांसारखे भारी दर मागत होत्या. ट्रायने २०२५ च्या जूनमध्ये त्या दरांवर मर्यादा घातली. बसथांबा, दवाखाना, ग्रंथालय, मासळी बाजार, प्रभाग कार्यालय येथे पालिकेने स्वतःच्या अर्थसंकल्पातून जोडणी द्यावी, ती चालवण्याचे काम स्थानिक बचत गटाला किंवा अपंग दुकानदाराला द्यावे, आणि दरमहा जोडणीचे जे काही शे-हजार रुपये होतील ते दिवाबत्तीच्या खर्चासारखे मांडावेत. रस्त्यावरचा दिवा जळावा म्हणून कोणी येणाऱ्याजाणाऱ्याचे नाव टिपून घेत नाही.

वसई-विरारच्या कार्यकर्त्यांपुढे काम आहे ते एवढे. नव्या सभागृहाच्या अर्थसंकल्पी चर्चेत जूचंद्र-नायगाव पट्ट्यासाठी हे शीर्ष मागून घेणे. जाहिरातदाराचा कोणताही वायफाय-प्रस्ताव आल्यास करार सहीपूर्वी मराठीत प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरणे. ओळख पटवण्यासाठी घेतलेला क्रमांक दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरता येणार नाही, आणि कायद्याने सांगितलेली मुदत संपताच तो पुसला जाईल, हे त्या करारात लिहून घेणे. आणि प्रभागसभेत जेव्हा कोणी उठून म्हणेल की फुकट मिळते आहे तर घेऊ या, तेव्हा त्याला विचारणे, की जाहिरात कंपनीने पालिकेला देऊ केलेली रक्कम भागिले प्रभागातली माणसे, म्हणजे त्याचा स्वतःचा भाव, किती येतो तेवढे सांग.